वाढत्या अंगाची गाडी

जून उजाडला की माझ्या दुकानाच्या ओट्यावर आयांची रांग लागते. एका हातात गणवेशाचं कापड, दुसऱ्या हातात लेकरू. मी गळ्यातला टेप काढायच्या आत प्रत्येकीचं वाक्य ठरलेलं असतं, "शोभाताई, वाढत्या अंगाचं शिवा बरं का." शिवते बाई. अहमदपुरात इतकी वर्षं मी दुसरं केलंय काय? बाही लांब ठेवायची, खाली चांगलं वीतभर कापड आत दुमडायचं, कमरेला जागा सोडायची. पहिल्या वर्षी लेकरू त्या ड्रेसात पोत्यात घातल्यासारखं दिसतं. मग दर जूनला थोडी थोडी शिलाई उसवायची. आणि ज्या वर्षी तो ड्रेस असा बरोबर अंगाला बसतो की बघणाऱ्यानं विचारावं कुणी शिवला म्हणून, त्या वर्षी दहावी संपलेली असते. हे मी सगळ्यांना हसत हसत सांगायची. आता नाही सांगत, कारण सांगायला लागले की किशनमामा आठवतात.

मामा माझे नात्यातले कुणी नव्हते. शेजारी होते. एसटीत ड्रायव्हर होते, आयुष्यभर अहमदपूर, मुखेड, नांदेड हेच केलं. अख्ख्या डेपोचे मामा, म्हणून आमच्या गल्लीचेही मामाच. आमची दोन घरं म्हणजे गावाचा शेवट. त्यांच्या अंगणाला लोखंडी फाटक, फाटकाबाहेर मुरमाची वाट, आणि ती वाट वर त्यांच्याच माळावर जाते. वाटणीत भावांनी काळी रानं घेतली आणि ह्यांना माळ दिला. तरवड, बोरी, कुसळं, एखादं सीताफळाचं झाड, बाकी दगड. गल्लीतल्या लोकांना वाटलं मामा कोर्टात जातील. मामा म्हणाले, "मला कुठं नांगरायचं हाय? बसून बगायला बरा हाय."

चाळीस वर्षं ड्रायव्हरच्या जागेवर बसलेला माणूस नंतर कुठंही बसला तरी ड्रायव्हरच राहतो. लग्नाच्या पंगतीत मामा उजवीकडच्या कोपऱ्यातच बसणार. दुसऱ्याच्या गाडीत तर बसायचेच नाहीत. एकदा पुतण्याच्या लग्नाला उदगीरला जायचं होतं, सगळ्यांनी धरून जीपमध्ये कोंबलं. शेजारी मीच होते. गाव सुटल्यापासून मामांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबलेला. समोर म्हैस आली की दाबायचा, वळण आलं की दाबायचा, घामाघूम झाले. शिरूर ताजबंदला जीप चहाला थांबली, तर हे उतरले आणि आले की मागच्या एसटीनं. तिथंही ड्रायव्हरच्या पाठीमागं उभं राहून. अक्षता पडून गेल्या होत्या. मामी रागावल्या तर म्हणाले, "त्या पोराला गाडी हाणता येती, थांबवता येत न्हाई. लगीन काय, पुन्हा जिवंत बगता यील नवरा-नवरीला."

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. मामांना एकट्यानं निघताच येत नसे. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढायची, टिंग टिंग, मग गाडी हलवायची, हे इतकं अंगात मुरलेलं की घरातून भाजी आणायला निघाले तरी फाटकाशी थांबायचे. आत मामी दाराची कडी दोनदा वाजवायच्या. मग हे चालू पडायचे. कडी एकदा वाजली म्हणजे थांबा, पिशवी राहिली. एकदा दोघांचं कशावरून तरी वाजलं. मामा पिशवी घेऊन फाटकाशी उभे, आणि आतून बेल नाही. ऊन चढलं, मी दोन ब्लाउज शिवून हातावेगळे केले, मामा तिथंच. मी मामींना म्हटलं, "अवो, द्या की बेल, माणूस वाळून चाललाय." मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "राहू दे उभा. आज पंक्चर हाय म्हणावं." शेवटी भाकऱ्या झाल्यावर कडी वाजली आणि हा माणूस काही घडलंच नाही अशा तोंडानं बाजाराला गेला.

मामी आजारी पडल्या आणि थोड्या दिवसांतच गेल्या. तेरावं झालं, पाहुणे पांगले. वंदना, त्यांची एकुलती एक लेक, नांदेडला शाळेत मास्तरीण आहे, तीही गेली. दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसले होते. माझ्या खिडकीतून त्यांचं फाटक समोर दिसतं. मामा पिशवी घेऊन बाहेर आले, फाटकाशी थांबले. थांबले ते थांबलेच. मग पिशवी हाताला गुंडाळली आणि परत आत गेले. त्या दिवशी त्यांच्या घरी भाजी आली नाही. मला फार वाईट वाटलं. उठून आपणच काहीतरी वाजवावं असं मनात आलं, पण तो मान मामींचा होता, मी कोण वाजवणारी? संध्याकाळी वरण नेऊन दिलं. मामा म्हणाले, "खामखा त्रास करून राहिलीस." आणि ताट रिकामं करून, धुऊन परत दिलं.

मग ओवी आली. वंदनाची मुलगी, तेव्हा तिसरी-चौथीत असेल. दोन वेण्या, पुढचे दात नुसते फुटून राहिलेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आबांकडे राहायला म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी तिच्या ध्यानात आलं की आबा फाटकाशी अडकतात. तिनं दगड उचलला आणि फाटकाच्या गजावर दोनदा हाणला. "आबा, डबल बेल. चला." मामा असे चालू पडले की चपला घालायच्या राहिल्या. मला खिडकीतून हसू आलं आणि डोळेही भरले, खोटं कशाला बोलू.

त्याच सुट्टीत मामांनी ती चार चाकांची मोटारसायकल आणली. उदगीरकडं एका माणसानं हुरडा पार्टीचा धंदा काढला होता, तिथं लेकरांना फिरवायला घेतलेली. धंदा बसला, गाडी चिंचेखाली पडून होती. मामांनी ती टेम्पोत घालून आणली, अंगणात तिचे नटबोल्ट मांडून बसले आणि आठवडाभरात चालू केली. लाल रंगाची, बुटकी, पुढचे दिवे मोठे. गल्लीनं तिला बेडकी नाव दिलं. रस्त्यावर न्यायची मामांनी शपथ घातलेली. फक्त फाटकातून बाहेर आणि मुरमाच्या वाटेनं माळावर.

माळावरची वाट मामांनी हातानं केली. सकाळी पहार घेऊन जायचे, दगड बाजूला लावायचे, उताराला वळण द्यायचे. बोरीच्या झाडाला वळसा, तिथून वर कातळावर, तिथून पळसाच्या बाजूनं खाली. त्या वाटेवर त्यांनी ओवीला गाडी शिकवली. हेल्मेट घातल्याशिवाय टाकीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. दुसरा लिंबाचा. मागच्या कॅरिअरवर एक लिंबू ठेवायचा आणि वरून खाली यायचं. लिंबू पडला तर गाडी बंद, चालत वर जायचं, लिंबू शोधून आणायचा आणि मगच पुन्हा. मामा खाली उभे राहून सांगायचे, "पळवायला कायी अक्कल लागत न्हाई ग लेकरा. मागं बसलेल्या माणसाचा चहा सांडला न्हाई पायजे."

दिवाळी, उन्हाळा, दिवाळी, उन्हाळा. ओवी येत राहिली. मामांचं वर्ष म्हणजे त्या दोन सुट्ट्या, मधले दिवस ते नुसते ढकलायचे. ओवी यायच्या आधी आठ दिवस बेडकी धुवायची, वाटेवरची कुसळं काढायची, आणि माझ्याकडं यायचं, "शोभा, पोरीला एक चांगली पँट शिव. माळावर काटे हायत." मी माप विचारलं की हात छातीशी धरायचे, "एवढी झाली आता." आणि न चुकता, "वाढत्या अंगाची शिव."

ओवी बारा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात बेडकीवर बसली तर तिचे गुडघे हँडलला लागायला लागले. चढावर बेडकी रडायची. दोन दिवस पोरगी फिरली, तिसऱ्या दिवशी ओट्यावर मोबाइल घेऊन बसली. मामा तिच्या मागंमागं. "चल की." "आबा, ती चढतच नाही आता. बोअर होतंय." बोलली ती सहज, लेकरंच ती. पण मामांचा चेहरा मी पाहिला. त्यात वंदनाचं फोनवर चालू होतं की पुढच्या वर्षीपासून सुट्टीतही क्लास लावायचेत, आत्तापासून पाया पक्का केला तर दहावीनंतर लातूरला चांगल्या ठिकाणी नंबर लागतो. मामा त्या दिवशी माझ्या दुकानात आले आणि स्टुलावर बसून राहिले. म्हणाले, "शोभा, मोठी गाडी घ्यावी लागती."

मला लातूरला ठोकच्या कापडासाठी जायचंच होतं. आम्ही दोघं एसटीनं गेलो. मामांनी कुणाकडून तरी पत्ता काढला होता, गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये एक जण असल्या गाड्या विकायचा, नव्या-जुन्या दोन्ही. भला माणूस होता. त्यानं दोन गाड्या दाखवल्या. एक मधली, सव्वाशे सीसीची. ही बघा, म्हणाला, बारा-तेराच्या पोरीला अगदी मापात, चढ आरामात घेते, दोन वर्षं काढेल. दुसरी तिकडं कोपऱ्यात उभी होती. काळी, रुंद, टायर माझ्या कमरेएवढे. अडीचशे सीसीची. तिच्या मडगार्डवर पिवळा कागद चिकटवलेला, सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये.

मामा जनावरांच्या बाजारात आल्यासारखे दोघींभोवती फिरले. मधलीवर हात ठेवला, बाजूला काढला. काळीशी जाऊन उभे राहिले. तिचं हँडल हलवलं, टायर अंगठ्यानं दाबला, वाकून खाली बघितलं. मग विचारलं, "ही किती वर्षं चालंल?"

"ती? ती तर पोरगी कॉलेजात जाईपर्यंत चालेल," तो म्हणाला. "पण मामा, पोरगी केवढी आहे सांगा."

मामांनी हात छातीशी धरला. त्या माणसानं मान हलवली, नको म्हणून. तसा मामांचा हात हळूहळू वर सरकला आणि खांद्याला टेकला.

मी बघतच राहिले. ही खोड मला चांगली माहीत. आया करतात, कापडाच्या दुकानात. लेकरू असतं कमरेएवढं, हात धरतात बरगडीशी, का तर कापड जास्तीचं फाडून मिळावं. मी म्हटलं, "मामा, ओवी तुमच्या छातीएवढीच हाय."

"दिवाळीपत्तोर यील की खांद्याला."

"आणि तो कागद? सोळा लिहिलंय."

"सोळाची तर व्हायचीच हाय तिला," मामा म्हणाले. "वाढत्या अंगाची घेतलेली बरी."

मी टेलर आहे, म्हणून बोलले. "मामा, कापड आत दुमडून ठेवता येतं. इंजिन कुठं दुमडणार?"

त्यांनी ऐकलं आणि खिशातून पैसे काढून काळीचे मोजून दिले. परतीच्या एसटीत नेहमीसारखे ड्रायव्हरमागं उभे न राहता माझ्या शेजारी बसले. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाले, "मधली दोन वर्षांची हाय गं. फकस्त दोन." तेव्हा मला सगळं कळलं. हा माणूस गाडी घ्यायला गेलाच नव्हता. पोरगी जितकी वर्षं येत राहील तितकी वर्षं घ्यायला गेला होता, आणि त्या शेडमध्ये जास्तीत जास्त वर्षं त्या काळीतच होती.

गल्लीनं काळीला रेडा म्हणायला सुरुवात केली. दिवाळीला ओवी आणि वंदना दोघी आल्या. रेडा बघून ओवी नाचली. बसली तर पाय कसेबसे टेकले. ब्रेकच्या दांड्याला तिच्या बोटांची नुसती टोकं लागायची. मामा म्हणाले, "हळू हळू घ्यायचं, रेसवर अंगठा फकस्त टेकवायचा." पहिला दिवस अंगणातल्या अंगणात गेला, दुसरा दिवस सपाटीवर. तिसऱ्या दिवशी ती माळावर चढली. फराळाचं ताट घेऊन मी मामांकडं आले होते, वंदना आणि मी ओट्यावर उभ्या होतो. बोरीच्या वळणावर अंगठा जरा जास्त दाबला गेला. रेड्यानं उडी मारली, बांधावर चढला. ओवी एका अंगाला पडली आणि गाडी दुसऱ्या अंगाला कलंडली. ती ह्या अंगाला आली असती तर, असं आम्ही सगळेच म्हणायला लागलो. मामा त्या वयात त्या चढावर कसे पळत गेले ते मला अजून सांगता येत नाही.

गळ्याखालचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, लहान वय आहे, जुळेल. दवाखान्यातून परत आल्यावर वंदना बापासमोर बसली. ती ओरडली नाही. मास्तरीण आहे, तिचा आवाज रागात खाली जातो. "बाबा, ही गाडी तुम्ही ओवीसाठी न्हाई घेतली. ती येत राहावी म्हणून घेतली."

मामा म्हणाले, "हाव."

एवढंच. बापानं कबूल केल्यावर लेक तरी काय करणार? तिचे डोळे भरून आले. उठता उठता म्हणाली, "आता ओवी मोठी झाल्यावरच यील इकडं." तिनं ते रागानं म्हटलं होतं, म्हणजे आता नाहीच असं. पण मामांनी ते शब्द तसेच्या तसे धरून ठेवले. मोठी झाल्यावर येईल. म्हणजे मोठी होईपर्यंत थांबायचं. थांबण्यात मामांचं आयुष्य गेलं होतं, स्टँडवर, फाट्यावर, रेल्वे फाटकावर. ते थांबले.

मी म्हटलं, बदलून आणा ती गाडी, मधली आणा, मी सांगते वंदनाला समजावून. मामा म्हणाले, "पोरगी काय जागेवर थांबली का? आता बदलून आणीन, ती यीस्तवर मधलीपण लहान पडंल."

नांदेडला ते जायचे. सकाळच्या गाडीनं जायचे, वंदनाकडं दुपारभर सोफ्यावर बसून संध्याकाळी परत. ओवी क्लासला गेलेली असायची, नाहीतर यायची, पाया पडायची, "कसे आहात आबा" म्हणायची आणि पुस्तक घेऊन खोलीत जायची. तिचा त्यांच्यावर राग नव्हता. पण ज्या माणसाशी आपण फक्त गाडीवरून बोललो, त्याच्याशी सोफ्यावर बसून काय बोलायचं, हे तिला कळत नसेल. मामांनाही कळायचं नाही.

रोज सकाळी मात्र रेडा अंगणातल्या कडुलिंबाखालून बाहेर निघायचा. मी त्याच्यासाठी ताडपत्रीचा झगा शिवून दिला होता, तो काढून, घडी करून मामा बसायचे आणि चालत्या माणसाच्या वेगानं माळावर एक चक्कर मारून यायचे. इंजिन चांगलं राहतं, म्हणायचे. खरं कारण, चाकं फिरली नाहीत तर कुसळं वाट गिळतात. फाटकाशी थांबायचे. स्वतःच टाकीवर बोटानं दोनदा टकटक करायचे. पण स्वतःच दिलेल्या बेलवर त्यांचा विश्वास नसावा, कारण त्यानंतरही जरा वेळ थांबायचे आणि मग निघायचे. मला शिवणावरून मान वर करवत नसे.

आणि टेप. एका जूनला मामा दुकानात आले. ओट्यावर आठवी-नववीच्या पोरी माप द्यायला उभ्या. मामा बाजूला थांबले, गर्दी सरल्यावर म्हणाले, "शोभा, आठवीतल्या पोरीचा हात केवढा असतो? खांद्यापासून?" मी सांगितलं, पोरीपोरीत फरक असतो मामा. "तरी पण. सरासरी." मी सांगितलं. "एक जुना टेप दे." पहिले आकडे पुसलेला एक टेप पडून होता, तो दिला. घरी जाऊन त्यांनी टेपचं एक टोक सीटवर जिथं ओवीचा खांदा येईल तिथं हवेत धरलं आणि दुसरं ब्रेकच्या दांड्यापर्यंत ताणलं. फाटकातून मला म्हणाले, "आजून तीन बोटं कमी हाय."

मी म्हटलं, मामा, नांदेडला जाता तर तिचंच माप घेऊन या की.

"टेप काढला तर वंदनाला कळंल."

पुढच्या जूनला पुन्हा आले. नववीतल्या पोरीचा हात केवढा? मी मुद्दाम एखाद्या उंच पोरीचं माप सांगितलं. माझ्यानं राहवलं नाही. मामा टेप लावून आले, खुशीत. "एकच बोट राह्यलं." त्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या लेकरांना पेपरमिंट वाटली. आपल्या नातीला न बघता, दुसऱ्यांच्या पोरींच्या मापावर हा माणूस तिला मोठी करत होता.

ओवी दहावी झाली. चांगले मार्क पडले. लातूरला क्लास ठरला, होस्टेल ठरलं. नांदेडहून लातूरला जाताना वाटेत अहमदपूर लागतंच, तेव्हा चहाला थांबू असा वंदनाचा फोन आला. जूनच होता. माझ्या ओट्यावर रांग लागलेली. मामांनी पहाटेच रेडा धुतला होता, पण झगा परत घातला. आपण मुद्दाम काही काढून ठेवलेलं नाही, असं दिसायला हवं होतं ना.

गाडी आली. जावई, वंदना, मागच्या सीटवर गादी, बादली, पुस्तकांची खोकी, आणि त्यात अंग चोरून बसलेली ओवी. ती उतरली आणि मी हातातलं माप विसरले. आईच्या डोक्यावर गेलेली. मामांच्या खांद्याच्याही वर. पाया पडली आणि उभी राहिली ती थेट कडुलिंबाकडं बघत. जाऊन तिनं स्वतःच ताडपत्री ओढली. कुणाला विचारलं नाही. बसली. पाय बरोबर जागेवर. हात पुढं केला आणि ब्रेकच्या दांड्याला चारही बोटांचा विळखा बसला, अगदी सहज.

मामांच्या हातात तो पुसका टेप होता. त्यांनी तो खिशात घातला.

ओवीनं वंदनाकडं बघितलं. वंदनानं ब्रेकवरची तिची बोटं बघितली. मग म्हणाली, "एकच चक्कर. हळू."

हेल्मेट मामांनी आणलं. ओवीनं ते घातलं आणि सीटवर जरा पुढं सरकली. "आबा, मागं बसा."

आता हा माणूस पुतण्याच्या लग्नाला जाताना जीपमधून उतरून एसटीनं आलेला. जावयाच्या नव्या गाडीत कधी पाय न ठेवलेला. मला वाटलं नाही म्हणतील. मामांनी धोतर सावरलं आणि बसले मागं. जावई बघतच राहिला. रेडा अंगणातून निघाला, फाटकाशी येऊन ओवीनं थांबवला. पुढं उघडी वाट. तिनं मागं न बघता विचारलं, "बेल?"

मामांनी तिच्या खांद्यावर बोटानं दोनदा टकटक केलं.

गेले. माळावरून आवाज येत होता, एकसारखा, कुठं धसमुसळा नाही. माझ्या ओट्यावरच्या आया खोळंबल्या होत्या, खोळंबू दे म्हटलं. परत आले तेव्हा मी मामांच्या उजव्या पायाकडं बघितलं. पाय सैल होता, नुसता ठेवलेला.

चहा झाला. ओवी म्हणाली, "आबा, मस्त आहे. पुढच्या सुट्टीत येते." वंदना म्हणाली, "दोन वर्षं आता सुट्टी कुठली?" मामा लगेच म्हणाले, "हाव, हाव. शीक तू. गाडी काय पळून चालली का?" ती खोक्यांमध्ये परत अंग चोरून बसली. जावयानं इंजिन चालू केलं आणि मामांनी गाडीच्या मागच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा मारलं. गाडी निघाली. जन्मभर हा माणूस दुसऱ्यानं दिलेल्या बेलवर निघत आला होता.

त्यानंतर श्रावणात मामा गेले. दुपारी झोपेत, कुणाला त्रास नाही. रेडा अजून कडुलिंबाखालीच आहे, ओवीची परीक्षा व्हायची आहे. श्रावणापर्यंत मामा मला रोजच दिसत होते, पण डोळ्यांसमोर येतात ते ओवी लातूरला गेल्याच्या दुसऱ्या दिवशीचे. सकाळी दुकानात आले. रांग तशीच होती. त्यांनी खिशातून टेप काढला, नीट गुंडाळलेला, आणि माझ्या मशीनवर ठेवला. "घे. आता कायी मोजायचं राह्यलं न्हाई." आवाज नेहमीसारखाच होता. मी म्हटलं, "मामा, चहा टाकते, बसा." "नगं," म्हणाले, "जरा वर जाऊन येतो."

रेड्यावरची ताडपत्री त्यांनी काढली नाही. तसेच पायी निघाले. फाटकाशी आले आणि थांबले. समोर रिकामी वाट, वर माळ. मी खिडकीतून बघत होते. मामा उभेच. मामींचा मान, ओवीचा मान, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी उठले आणि कात्रीच्या मुठीनं खिडकीच्या गजावर दोनदा वाजवलं.

मामांनी मागं वळून बघितलं नाही. समोरून दुसरी एसटी आल्यावर ड्रायव्हर करतात तसा उजवा हात जरासा वर केला आणि चालू पडले. बोरीच्या वळणापर्यंत मी त्यांना बघितलं. मग तो टेप गळ्यात घातला आणि पुढच्या लेकराला म्हटलं, ये, सरळ उभं राहा.